मालदीव: बेटावरच्या मुक्कामाचे गुण आणि हिशेब

मालदीवच्या रिसॉर्टांच्या जाहिरातीत निळ्या पाण्यावर खांब रोवून उभी केलेली लाकडी घरे असतात, आणि आरक्षण करताना बहुतेक लोक त्या घरांचीच तुलना करत बसतात. दक्षिण आरी अ‍ॅटॉलमधल्या (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळबेटांचे कडे) एका मध्यम दराच्या रिसॉर्टमध्ये आई आणि पत्नीसह राहून आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की तिथे पैसे मोजावेत ते किनाऱ्याला लागून असलेल्या जिवंत प्रवाळासाठी; खोली स्वच्छ आणि थंड असली की पुरे. त्या कसोटीला हे रिसॉर्ट पूर्णपणे उतरले. सेवाही चांगली होती. बिलाच्या बाबतीत मात्र तिथे डोळे उघडे ठेवूनच वावरावे लागते, आणि ते केवळ याच रिसॉर्टपुरते खरे नाही.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत आणि त्यांपैकी जेमतेम दोनशे बेटांवर स्थानिक वस्ती आहे. 1972 मध्ये कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले, तेव्हापासून पर्यटनाचा गाडा मुख्यतः एकाच तत्त्वावर चालत आला: निर्मनुष्य बेट सरकारकडून भाडेपट्ट्याने घ्यायचे आणि त्या एका बेटावर एकच रिसॉर्ट उभारायचे. या व्यवस्थेचा अर्थ तिथे पोहोचल्यावर उमगतो. वीज रिसॉर्टच्याच जनित्रावर चालते, पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करूनच मिळते, धोबीखाना, बेकरी, कर्मचाऱ्यांची वसाहत, नमाजाची जागा, सगळे त्या टीचभर बेटावरच असते. फाटकाबाहेर पडून वडापाव खाण्याची सोय नाही, कारण फाटकच नाही. बेटाला पायी प्रदक्षिणा घालायला रमतगमत निघालो तरी अर्धा तास लागत नव्हता. रस्त्यावर वाहन नाही, किनाऱ्यावर फेरीवाला नाही, शेजारच्या हॉटेलातला डीजे नाही. ज्यांनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट किंवा अलिबाग पाहिले आहे, त्यांना या शांततेची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. उलट बाजू अशी की पर्याय नसल्यामुळे कॉफीच्या एका कपापासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत जी किंमत सांगितली जाईल ती द्यावी लागते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाणी. तळ दिसेल इतके नितळ पाणी पाहून आपल्याकडचा माणूस प्रथम चकित होतो आणि नंतर कोकणच्या समुद्राला उगाच नावे ठेवू लागतो. त्यात कोकणचा काही दोष नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आणि खाड्या दरवर्षी गाळ आणून ओततात, त्या गाळावर आपली मासळी पोसली जाते आणि त्यामुळेच पाणी गढूळ दिसते. मालदीवमध्ये डोंगर नाही आणि नदीही नाही. खोल समुद्रातून वर आलेल्या जुन्या ज्वालामुखींभोवती प्रवाळ वाढत गेले, ज्वालामुखी हळूहळू खचून पाण्याखाली गेले आणि प्रवाळांची कडी तेवढी वर राहिली. या कड्यांनाच अ‍ॅटॉल म्हणतात आणि अशी 26 नैसर्गिक अ‍ॅटॉल मिळून हा देश झाला आहे. गाळ आणणारे कोणी नसल्यामुळे पाणी स्वच्छ राहते. वाळूसुद्धा दगडाची नसून प्रवाळाच्या चुऱ्याची असते, म्हणून ती पांढरी दिसते आणि भर दुपारी बाराच्या उन्हातही तिच्यावर अनवाणी चालता येते. तारकर्लीच्या वाळूवर एप्रिलमध्ये चपला विसरून गेलेल्या माणसाला हा फरक तळपायाने समजेल.

या चुऱ्याचा कारखाना कसा चालतो ते आम्हाला पाण्यातच पाहायला मिळाले. तोंडावर मुखवटा लावून डोके पाण्याखाली घातले की सतत एक कुरकुर, कटकट असा आवाज येत राहतो. त्यात पोपटमाशांच्या कुरतडण्याचाही आवाज असतो. निळसर हिरव्या अंगाचे, चोचीसारखे जुळलेले दात असलेले हे मासे प्रवाळाचा खडक कुरतडून त्यावरचे शेवाळ खातात आणि उरलेला चुना बारीक वाळू करून मागच्या बाजूने सोडून देतात. एक मासा समोरून पोहत गेला आणि त्याच्या शेपटीमागे पांढऱ्या वाळूचा लोट हळूहळू खाली बसला, तेव्हा ज्या किनाऱ्यावर आम्ही सकाळी खुर्ची टाकून बसलो होतो त्याचा मोठा वाटा कुठून येतो हे लक्षात आले. पत्नीने ही माहिती ऐकल्यावर पायाची वाळू झटकण्याचा वेग वाढवला, हा भाग वेगळा.

रिसॉर्टला लागून असलेल्या प्रवाळाला तिथे हाऊस रीफ म्हणतात, आणि रिसॉर्टांच्या दर्जातला खरा फरक इथे आहे. काही बेटांभोवती उथळ, वालुकामय पाण्याचा मोठा तलाव असतो. छायाचित्रात तो सुरेख फिरोजी दिसतो, लहान मुलांना डुंबायला तो उत्तम असतो, पण त्यात पाहण्यासारखे फार काही नसते आणि मासे पाहायचे तर दर वेळी पैसे भरून होडीने जावे लागते. काही बेटांवर मात्र प्रवाळाची कडा किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवरच असते आणि तिच्यापुढे तळ एकदम खोल निळ्या अंधारात उतरतो. आमचे बेट या दुसऱ्या प्रकारातले होते. जेट्टीच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरले की कासव, पाकट, झुंडीने फिरणारे पट्टेरी मासे, कडेच्या भिंतीत तोंड उघडून बसलेला वाम जातीचा मोरे ईल, हे सगळे फुकटात आणि दिवसातून हवे तितक्या वेळा. हे दृश्य पाहताना ज्या खोलीसाठी आम्ही इतका भाव केला होता तिची आठवणही होत नव्हती.

पोहता न येणाऱ्यांसाठी हा अनुभव बंद नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जाताना हीच शंका असते. आमची आई वेंगुर्ल्याची, समुद्र जन्मापासून पाहिलेली, पण पोहणे तिला कधीच आले नाही. लाइफ जॅकेट घालून, तिथल्या प्रशिक्षकाने धरलेल्या रबरी कड्याला पकडून ती दहा-पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगली आणि खाली पाहत राहिली. बाकीचा वेळ ती गुडघाभर पाण्यात उभी राहत असे, आणि तिथेच एका संध्याकाळी हातभर लांबीचे, पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असलेले शार्कचे पिल्लू तिच्या पायांजवळून गेले. कोणी घाबरेल अशी आमची अपेक्षा होती. आई मात्र सुनेला म्हणाली, “अगो, ही तर मोरी! हिचं मटण काय सुंदर होतं!” मालदीवने 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर संपूर्ण बंदी घातली हे तिला सांगितल्यावर ती थोडी हिरमुसली, पण रोज त्या वेळेला जाऊन तीच पिल्ले पाहण्याचा नेम तिने सोडला नाही. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी: कडेच्या बाहेर प्रवाह जोराचा असतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे त्याची दिशा बदलते, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी जलक्रीडा केंद्रात विचारूनच उतरावे. आमच्या रिसॉर्टमध्ये त्यासाठी रोज सकाळी फळ्यावर प्रवाहाची दिशा लिहिली जात असे, आणि ही एक गोष्ट मला तिथल्या फुलांनी सजवलेल्या बिछान्यापेक्षा जास्त आवडली.

प्रवाळाबद्दल खोटी आशा मात्र बाळगू नये. समुद्राचे तापमान वाढल्याने 1998 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये मालदीवमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडून मेले, आणि अनेक ठिकाणी ते अजून सावरत आहेत. त्यामुळे माहितीपटात दिसतात तसे जांभळे, नारिंगी मळे सर्वत्र दिसत नाहीत. बरेचसे खडक तपकिरी आणि करडे आहेत, त्यांवर मधूनच नव्या वाढीचे फिकट कोंब. माशांची समृद्धी मात्र डोळ्यांत मावत नाही. दक्षिण आरीचा आणखी एक लाभ म्हणजे इथे व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा वर्षभर आढळतो. त्याच्यासाठी होडीची वेगळी सफर असते, मासा दिसेलच याची हमी कोणी देत नाही आणि आम्हाला तो दिसलाही नाही. मांटा नावाच्या अवाढव्य पाकटांचे थवे पाहायचे असतील तर बा अ‍ॅटॉलमधल्या हनिफारू उपसागराकडे, तेही मे ते नोव्हेंबरच्या दरम्यान, जावे. हे अ‍ॅटॉल 2011 पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आहे.

मुंबईहून राजधानी मालेला थेट विमान तीन तासांच्या आत पोहोचते, आणि खरी गुंतागुंत तिथून पुढे सुरू होते. मालेच्या जवळची रिसॉर्टे स्पीडबोटीने गाठता येतात. दूरच्या अ‍ॅटॉलना सीप्लेन (पाण्यावर उतरणारे छोटे विमान) किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे होडी. सीप्लेनचे जाण्या-येण्याचे भाडे माणशी 400 डॉलरच्या पुढेच असते, आणि खोलीचा दर स्वस्त दिसला तरी हा आकडा मिळवल्यावर चित्र पालटते. शिवाय सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. दुपारी उशिरा मालेत उतरणाऱ्या प्रवाशाला त्या रात्री विमानतळाजवळ, बहुधा हुलहुमालेत, वेगळा मुक्काम करावा लागतो, म्हणून सकाळी पोहोचणारे विमान थोडे महाग असले तरी शेवटी तेच परवडते. सामानाची मर्यादा 20 किलो आणि हातातले 5 किलो, तीही काटेकोरपणे मोजतात. आमच्या सीप्लेन कंपनीने विश्रांतिकक्षात दुपार होईपर्यंत ताटकळत ठेवले आणि वेळ विचारली की प्रत्येक वेळी “आता लवकरच” एवढेच उत्तर मिळे. उड्डाण मात्र मनापासून आवडले. पंधराएक प्रवाशांचे छोटे विमान, अनवाणी वैमानिक, आणि खिडकीखाली निळ्या पाण्यावर विखुरलेली प्रवाळांची कडी. ज्याचा अर्थसंकल्प बेताचा आहे त्याने तरीही स्पीडबोटीच्या पल्ल्यातले, चांगली हाऊस रीफ असलेले बेट शोधावे, असेच मी सुचवीन.

हवामानाचा विचार महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी विशेष काळजीने करावा. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे दिवसाचे तापमान बारा महिने तिशीच्या आसपास राहते. बदलतो तो वारा आणि पाऊस. डिसेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा कोरडा काळ असतो, त्यातही फेब्रुवारी आणि मार्च सर्वांत लखलखीत. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, म्हणजे आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा मोठा भाग नेमका तिथल्या पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. तो पाऊस आपल्यासारखा संततधार नसतो, मध्ये स्वच्छ उन्हाचे तास मिळतात आणि दरही उतरलेले असतात. पण ज्याला उन्हाची खात्री हवी आहे त्याने परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्येच निघावे. नाताळ ते नववर्ष या काळात दर कडाडतात आणि बऱ्याच रिसॉर्टांत खास मेजवानीचे पैसे सक्तीने आकारतात, ते वर.

वारा बदलला की वाळूही जागा बदलते, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. एका मोसमात बेटाच्या एका अंगाला रुंद पुळण साचते, दुसऱ्या मोसमात तीच वाळू वाहून पलीकडे जाते आणि मागे खोडांची मुळे उघडी पडतात. म्हणून किनाऱ्यावरची खोली घेताना आपल्या तारखांना बेटाच्या कोणत्या बाजूला वाळू असते हे रिसॉर्टला ईमेलने स्पष्ट विचारावे. चांगली रिसॉर्टे सरळ उत्तर देतात. मी स्वतः पाण्यावरच्या घरापेक्षा किनाऱ्यावरची खोली निवडीन. पाण्यावरचे घर जवळजवळ दीडपट महाग, रात्री वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज मोठा, लाकडी पुलावरून जेवणघरापर्यंतची चाल लांब, आणि पाण्यात उतरण्याची उभी शिडी गुडघेदुखी असलेल्या माणसाला कामाची नाही. लहान मुलांना तर बऱ्याच ठिकाणी तिथे राहूच देत नाहीत. किनाऱ्यावरच्या खोलीत दार उघडले की झाडाची सावली, तिच्यापुढे वाळू आणि पुढे पाणी. दुपारच्या चहाला खुर्चीशेजारी एक राखी बगळा येऊन अगदी हक्काने उभा राहत असे.

जेवणाबद्दल आमचे मत संमिश्र आहे. बुफेत डाळ, भात, पराठे, दोन-तीन भाज्या रोज होत्या आणि स्वयंपाकघरात भारतीय आचारी असल्यामुळे त्या खाण्यासारख्या होत्या. शुद्ध शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही, पण रोज तेच पनीर पाहून कंटाळेल. भाजीपाला आणि फळे जवळजवळ सगळी बाहेरून येतात, त्यामुळे ताजेपणाची अपेक्षा माशांपुरतीच ठेवावी. टूना, म्हणजे आपला कुपा, हा तिथल्या जेवणाचा प्राण आहे आणि तो जाळ्याने नव्हे, तर काठीला दोर बांधून गळाने एकेक करून पकडलेला असतो. सकाळी स्थानिक लोक खातात ते मास हुनी नक्की मागून खावे: शिजवलेल्या कुप्याचा चुरा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कुस्करून एकत्र केलेले, सोबत रोशी नावाची पातळ पोळी. कोकणी जिभेला ते पहिल्या घासात आपलेसे वाटते. आईचा गुरुवारचा उपास होता. घरून नेलेला भिजवलेला साबुदाणा आचाऱ्याने दाण्याचे कूट घालून, तिच्या देखरेखीखाली, परतून दिला आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

पैशांचा विषय निघाला आहे तर तो पूर्ण करतो. संकेतस्थळावरच्या दराशेजारी अधिकाची दोन चिन्हे दिसली तर समजावे की 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन वस्तू व सेवा कर अजून बाकी आहे. हा कर जुलै 2025 पासून 17 टक्के झाला. म्हणजे 100 डॉलरची वस्तू प्रत्यक्षात 128 डॉलर 70 सेंटला पडते. रिसॉर्टमधला हरित कर जानेवारी 2025 पासून माणशी रोज 12 डॉलर आहे आणि तो बहुधा निघताना वेगळा घेतात. फक्त न्याहारीचा दर पाहून भुलू नये. बेटावर दुसरे उपाहारगृह नसल्यामुळे दोन वेळचे जेवण आयत्या वेळी घेतले तर खोलीइतकाच खर्च होऊ शकतो. मद्य न घेणाऱ्या कुटुंबाने तिन्ही जेवणांचा फुल बोर्ड घ्यावा. सर्वसमावेशक पॅकेज मद्य घेणाऱ्यांना परवडते, मात्र त्यात जलक्रीडा आणि सफरी धरल्या आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. आमच्या रिसॉर्टने स्नॉर्कलिंगचे, म्हणजे मुखवटा लावून पाण्याखाली पाहत पोहण्याचे, साहित्य मुक्कामभर मोफत दिले, कायाक मोफत दिली, आणि डॉल्फिन पाहण्याच्या संध्याकाळच्या सफरीचे मात्र असे पैसे लावले की डॉल्फिनच्या उड्यांपेक्षा बिलाची उडी लक्षात राहिली.

जाण्यापूर्वीची औपचारिकता सोपी आहे. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर प्रवेश परवाना विनाशुल्क मिळतो. प्रवासापूर्वी 96 तासांच्या आत ऑनलाइन माहितीपत्रक भरावे लागते. मद्य सोबत नेता येत नाही, विमानतळावर ते ठेवून घेतात. देवाच्या मूर्ती पूजेसाठी नेण्यावरही तिथे बंदी आहे. प्रवासात देव्हारा बरोबर ठेवणाऱ्या ज्येष्ठांना हे घरूनच समजावून सांगावे, सीमाशुल्काच्या टेबलापाशी नव्हे. येताना प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा तिथे गुन्हा आहे.

ज्यांना संध्याकाळी बाजारातून हिंडायला लागते, रोज नवे ठिकाण पाहिल्याशिवाय सहल झाल्यासारखी वाटत नाही, किंवा जी मुले पाण्यात रमत नाहीत, त्यांनी या प्रकारच्या रिसॉर्टवर खर्च करू नये. त्यांच्यासाठी मॉरिशस किंवा श्रीलंका कितीतरी बरे. ज्यांना हाच समुद्र कमी पैशांत पाहायचा आहे त्यांच्यासाठी 2009 नंतर स्थानिक वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे निघाली आहेत. माफुशी त्यांत सर्वांत गजबजलेले. तिथे मद्य मिळत नाही, पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा ठरावीक भाग राखलेला असतो, प्रवाळापर्यंत होडीने जावे लागते, पण खोलीचा खर्च रिसॉर्टच्या काही अंशानेच येतो आणि गावातल्या चहाच्या दुकानात बसून माणसांशी बोलता येते, जे आम्हाला रिसॉर्टवर मिळाले नाही. लक्षद्वीप ही याच प्रवाळरांगेची उत्तरेकडची बाजू आहे आणि तिथले पाणी कोणत्याही अर्थाने कमी नाही. फक्त प्रवेश परवाना, मोजक्या खोल्या आणि कोचीवरून होणारा प्रवास यांची तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते.